अक्कलदाढ आणि हसवणारा वायू

अक्कलदाढ ठणकायला लागली की माणसाला दुसरं काही सुचत नाही. घरात कुणी लवंग दाताखाली धरायला सांगतं, कुणी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगतं आणि शेवटी आपण निमूटपणे दंतवैद्याची पायरी चढतो. तिथे हिरडीत सुई टोचली जाते, गाल बधिर होतो आणि दाढ कधी निघाली ते कळतही नाही. हे सगळं आपण इतकं गृहीत धरलेलं असतं, की एके काळी दाढच काय, माणसाचा पाय कापायचा असला तरी तो शुद्धीवर असतानाच कापावा लागे, याची आपल्याला आठवणही होत नाही.

आज मी तुम्हाला अशाच एका दुखऱ्या अक्कलदाढेची गोष्ट सांगणार आहे. ही दाढ होती हंफ्री डेव्ही नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाची. आपल्याला शाळेच्या पुस्तकातून भेटतो तो सर हंफ्री डेव्ही. सोडियम आणि पोटॅशियम हे धातू वेगळे करणारा, खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवा तयार करणारा, मायकेल फॅरेडेला हाताशी घेणारा. पण ही गोष्ट त्याच्या आधीच्या डेव्हीची आहे. तेव्हा तो सर नव्हता, प्रसिद्धही नव्हता. विशीतला एक हसरा, बडबड्या, कविता करणारा आणि मासे पकडायला पळणारा मुलगा होता.

इंग्लंडच्या नकाशात नैर्ऋत्येला जमिनीचं एक टोक समुद्रात घुसलेलं दिसतं. तो कॉर्नवॉल परगणा. तिथल्या पेन्झान्स गावी १७ डिसेंबर १७७८ रोजी डेव्हीचा जन्म झाला. वडील लाकडावर कोरीवकाम करणारे. ते १७९४ मध्ये वारले आणि मागे ठेवून गेले ते कर्ज आणि पाच मुलं. हंफ्री सगळ्यांत थोरला. आईने पदर खोचला आणि गावात बायकांच्या टोप्या-कपड्यांचं दुकान काढलं. दुसऱ्या वर्षी तिने हंफ्रीला गावातल्या एका शल्यवैद्याकडे उमेदवारीला ठेवलं. औषधं कुटायची, काढे-मलमं करायची, रोग्यांच्या घरी जायचं, असं ते काम.

मुलगा हुशार होता, पण सरळमार्गी नव्हता. लहानपणी तो सवंगड्यांना जमवून भुताखेतांच्या गोष्टी सांगे आणि घरी फटाके तयार करी. आता औषधांच्या बाटल्या हाताशी आल्यावर त्याने माळ्यावर प्रयोगशाळाच थाटली. उपकरणं म्हणजे स्वयंपाकघरातली भांडी, दवाखान्यातल्या बाटल्या आणि चिलमीच्या नळ्या. त्याच्या आम्लांनी बहिणीच्या कपड्यांना भोकं पडत, अशी घरच्यांची तक्रार असे. जवळच्या किनाऱ्यावर एक फ्रेंच जहाज फुटलं, तेव्हा त्यावरच्या वैद्याने दिलेली एनिमाची पिचकारीच त्याने हवा काढण्याचा पंप म्हणून वापरली, असं त्याचे चरित्रकार सांगतात. १७९७ च्या अखेरीला लाव्हाझिएचा रसायनशास्त्रावरचा ग्रंथ त्याच्या हाती पडला आणि पोराला दिशा मिळाली.

त्याच सुमारास तिकडे ब्रिस्टल शहरात डॉ. टॉमस बेडोज नावाचे एक धडपडे वैद्य नवी संस्था उभी करत होते. त्या काळी युरोपात क्षयाने घरंच्या घरं उद्ध्वस्त होत होती. वाफेच्या यंत्रात मोठी सुधारणा करणारे जेम्स वॅट यांची मुलगीही १७९४ मध्ये क्षयानेच गेली होती. याच शतकात प्रीस्टली आणि इतर शास्त्रज्ञांनी हवेतून आणि रसायनांतून एकामागून एक नवे वायू वेगळे केले होते. बेडोज यांच्या मनात आलं, फुप्फुसाचा रोग आहे तर औषध श्वासातूनच का देऊ नये? वेगवेगळे वायू हुंगायला देऊन रोग बरे करायचे. वॅट यांनी त्यासाठी उपकरणं आखून दिली. चिनी मातीच्या भांड्यांमुळे श्रीमंत झालेल्या वेजवूड घराण्याने पैसा दिला. प्रयोगशाळा सांभाळायला माणूस हवा होता. पेन्झान्सच्या या मुलाबद्दल बेडोज यांच्या कानावर आलं आणि ऑक्टोबर १७९८ मध्ये एकोणीस वर्षांचा डेव्ही ब्रिस्टलला दाखल झाला. मार्च १७९९ मध्ये संस्थेचं दार रोग्यांसाठी उघडलं.

आता आपला वायू रंगमंचावर येतो. त्याचं नाव नायट्रस ऑक्साइड. प्रीस्टली यांनी तो १७७२ मध्ये शोधला होता. पण अमेरिकेतल्या एका डॉक्टराने असा सिद्धान्त मांडला होता की हा वायू म्हणजे साथीच्या रोगांचं मूळ, तो हुंगणारा माणूस जागच्या जागी दगावेल. डेव्हीने हे वाचलं आणि काय केलं? तो वायू थोडासा हुंगून पाहिला. काही झालं नाही! मग १७९९ च्या एप्रिल महिन्यात त्याने अमोनियम नायट्रेट बेताने तापवून हा वायू शुद्ध स्वरूपात मिळवला, तेल लावलेल्या रेशमी पिशवीत भरला, नाक चिमटीत धरलं आणि पिशवीच्या तोंडातून श्वास घ्यायला सुरुवात केली.

आधी थोडी चक्कर आल्यासारखं झालं. मग अंगभर गोड शिरशिरी पसरली, डोळ्यांसमोरच्या वस्तू लखलखायला लागल्या, ऐकू जास्तच येऊ लागलं. आणि मग हसू फुटलं. पठ्ठ्या प्रयोगशाळेत हातपाय उडवत नाचायलाच लागला!

त्यानंतरच्या महिन्यांत डेव्हीचा दिवस कसा जात असेल, याची कल्पना त्याच्याच नोंदींवरून करता येते. दिवसभर भट्ट्या, बाटल्या, वजनं, मापं. काही काळ तर तो दिवसातून तीन-चार वेळा हा वायू हुंगत होता. संध्याकाळी मित्रमंडळी जमत. मे महिन्यातल्या एका रात्री तो चांदण्यात एव्हन नदीच्या काठाने तासभर भटकला, घरी आला आणि मग वायूची पिशवी तोंडाला लावली. आजच्या एखाद्या संशोधन-मार्गदर्शकाला हे वेळापत्रक कितपत पसंत पडलं असतं, सांगता येत नाही.

आणि मित्रमंडळी तरी कोण! रॉबर्ट सदी हा पुढे इंग्लंडचा राजकवी झालेला तरुण. त्याने आपल्या भावाला पत्र लिहून कळवलं, की सातव्या स्वर्गातली हवा बहुधा याच वायूची असावी. दुसरा सॅम्युएल टेलर कोलरिज, नुकताच जर्मनीहून परतलेला. त्याने आपला अनुभव मोजक्या शब्दांत सांगितला. बर्फातून चालत येऊन उबदार खोलीत शिरल्यावर अंगाला वाटावं, तसं वाटलं म्हणाला. पीटर रॉजेट हा तरुण डॉक्टर पुढे इंग्रजी पर्यायी शब्दांच्या कोशामुळे घरोघरी पोचला. बेडोज यांच्या एका रुग्णाला कसं वाटतंय असं विचारलं, तेव्हा आपण वीणेसारख्या एखाद्या तंतुवाद्याच्या नादासारखे झालो आहोत, असं काहीसं उत्तर त्याने दिलं. हे सारं डेव्ही कागदावर टिपून घेत होता.

तो स्वतःही कविता करी. सदीने १७९९ मध्ये काढलेल्या काव्यसंग्रहात त्याच्या कविता छापून आल्या. पुढच्या वर्षी वर्ड्सवर्थने ‘लिरिकल बॅलड्स’ची दुसरी आवृत्ती ब्रिस्टलमध्ये छापायला दिली, तेव्हा विरामचिन्हं तपासायला हस्तलिखित कुणाकडे पाठवलं असेल? डेव्हीकडे! दोघांची तोवर भेटही झालेली नव्हती. इंग्रजी काव्यातल्या एका मोठ्या पुस्तकाचे स्वल्पविराम आणि पूर्णविराम एका रसायनशास्त्रज्ञाच्या हाती सोपवले गेले होते.

त्याचा तिसरा नाद मासे पकडण्याचा. हा मात्र जन्मभराचा. पुढे लंडनला गेल्यावर माशांना दिसू नये म्हणून तो नखशिखांत हिरवा पोशाख करून नदीवर जाई, अशी आठवण सांगतात. मरणाच्या आदल्या वर्षी, १८२८ मध्ये, त्याने मासेमारीवर ‘साल्मोनिया’ नावाचं एक पुस्तकही लिहिलं. प्रयोगाच्या नादात कपडे बदलायला वेळ नसला, की मळक्या सदऱ्यावरच स्वच्छ सदरा चढवायचा, अशीही त्याची एक गोष्ट सांगितली जाते.

हे ऐकून तुम्हाला वाटेल, हा मुलगा नुसता खुशालचेंडू होता. तसं नव्हतं. त्याच्या खेळाला हिशेबाची वही होती. किती वायू घेतला, किती वेळ घेतला, नाडी किती पडली, सगळं लिहिलेलं. वेजवूडांपैकी एकाचा या वायूवर विश्वास नव्हता. त्याला आधी न सांगता पिशवीतून साधी हवाच दिली. तो म्हणाला, बघा, काही होत नाही, मी म्हणतच होतो. मग खरा वायू दिला. औषध खरं की मनाचा खेळ, हे पडताळण्याची ही पद्धत आजच्या औषध-चाचण्यांचा कणा आहे.

पण कधीकधी हा खेळ जिवाशी येई. एकदा त्याने कार्बन मोनॉक्साइड असलेला एक विषारी वायू छातीत ओढून घेतला. तीन श्वासांतच शुद्ध हरपत चालली. हातातली नळी गळून पडली म्हणून जीव वाचला. त्याही अवस्थेत त्याने स्वतःची नाडी चाचपून पाहिली. दुसऱ्या वेळी, दारूवर हा वायू कसा परिणाम करतो ते पाहायचं म्हणून, एरवी पाणीच पिणाऱ्या या मुलाने वाइनची अख्खी बाटली आठ मिनिटांच्या आत रिचवली आणि अर्थातच आडवा झाला. २६ डिसेंबर १७९९ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, तो एका बंद पेटीत सव्वा तास बसला. पेटीत थोड्या थोड्या वेळाने वायू सोडला जात होता. बाहेर आल्यावर त्याने आणखी सुमारे वीस लिटरची पिशवी ओढली. भानावर येताना समोरच्या डॉक्टरना तो एखाद्या साक्षात्कारी पुरुषाच्या थाटात सांगत सुटला, की या जगात विचारांखेरीज काही अस्तित्वातच नाही!

आणि आता ती अक्कलदाढ.

ब्रिस्टलच्या याच दिवसांत डेव्हीला अक्कलदाढ येऊ लागली. हिरडी सुजली, झोप उडाली. दुखणं अगदी असह्य झालं त्या दिवशी त्याने सवयीने वायूची पिशवी उचलली. चार-पाच श्वास घेतले आणि ठणका कमी झाला. थोड्या वेळाने अंमल उतरला, तसा तो परत आला. दुसऱ्या कुणी हे विसरून टाकलं असतं. डेव्हीने लिहून ठेवलं.

१८०० मध्ये त्याचा नायट्रस ऑक्साइडवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जवळपास सहाशे पानांचा. लेखकाचं वय एकवीस. त्या ग्रंथाच्या अगदी शेवटाकडे, निष्कर्षांच्या गर्दीत, एक वाक्य आहे. हा वायू शारीरिक वेदना नाहीशी करू शकतो असं दिसतं, तेव्हा ज्यांत फारसा रक्तस्राव होत नाही अशा शस्त्रक्रियांत त्याचा उपयोग करता येईल, अशा अर्थाचं. एवढंच. एक वाक्य.

त्या वेळी शस्त्रक्रिया म्हणजे काय होतं, याचं एकच उदाहरण देतो. फॅनी बर्नी ही इंग्रजीतली नावाजलेली कादंबरीकार. ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये तिचा कर्करोगग्रस्त म्हणून निदान झालेला स्तन काढण्यात आला. शल्यवैद्य नेपोलियनच्या सैन्यातले, नामांकित. गुंगीसाठी दिलं काय, तर मद्यमिश्रित पेय. ती जवळजवळ सगळा वेळ जागी होती. आपल्या बहिणीला तिने या प्रसंगाचं जे पत्र लिहिलं, ते लिहायला तिला कित्येक महिने लागले. लिहिलेलं परत वाचण्याचं धाडस तिला झालं नाही. हे घडत होतं तेव्हा डेव्हीचं ते वाक्य छापून अकरा वर्षं झाली होती.

मग ते कुणी वाचलं कसं नाही? वाचलं की! पण मनावर घेतलं नाही. याला दोन-तीन कारणं दिसतात. एक तर संस्था उभी होती क्षयावर औषध शोधायला. त्या कामी हा वायू कुचकामी ठरला, म्हणून तिच्या दृष्टीने तो प्रयोगच फसला. दुसरं, त्या काळच्या वैद्यकात औषधांची विभागणी उत्तेजक आणि शामक अशी केली जाई. हुंगणारा माणूस नाचतो-हसतो म्हणून हा वायू उत्तेजकांच्या खान्यात बसवला गेला. उत्तेजक औषध देऊन माणसाला शांत निजवायचं, ही कल्पना कुणाच्या डोक्यात येणार?

आणि तिसरं कारण सगळ्यांत साधं. लोकांना हसू आलं. कवी आणि डॉक्टर रेशमी पिशव्या चोखत खिदळत बसतात, हे टिंगलीला आयतंच खाद्य होतं. १८०२ मध्ये जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या वायूच्या प्रात्यक्षिकाचं एक चावट चित्र काढलं. त्यात हातात भाता धरून मिस्कील हसणारा तरुण म्हणजे आपला डेव्हीच. पुढे तर हा ‘हास्यवायू’ करमणुकीचा जिन्नस झाला. तिकीट लावून त्याचे खेळ होऊ लागले. स्टेजवर कुणाला तरी वायू द्यायचा आणि त्याच्या माकडचेष्टांना प्रेक्षकांनी टाळ्या द्यायच्या. थोडक्यात, जगाने तो वायू अक्षरशः हसण्यावारी नेला.

खुद्द डेव्हीने तरी दुसरं काय केलं? मार्च १८०१ मध्ये तो लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गेला. तिथे नव्या विजेच्या बॅटरीने त्याला झपाटलं. ऑक्टोबर १८०७ मध्ये विजेच्या जोरावर पोटॅशियमचे चकाकणारे थेंब पहिल्यांदा दिसले, तेव्हा तो प्रयोगशाळेत आनंदाने नाचला, असं त्याच्या मदतनीस चुलतभावाने सांगून ठेवलं आहे. म्हणजे नाचायला वायूची गरज नव्हती, हेही खरं! पण त्या एका वाक्याकडे तो परत वळला नाही. २९ मे १८२९ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, जिनिव्हात त्याचा मृत्यू झाला.

त्या वाक्याला जाग आली १० डिसेंबर १८४४ ला, अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी. हास्यवायूचा असाच एक खेळ चालू होता. अंमलाखाली नाचणाऱ्या एका माणसाचा पाय आपटून चांगला सोलवटला, तरी त्याला पत्ताच नव्हता. सारे हसत होते. प्रेक्षकांतल्या एकाने मात्र ते बरोबर हेरलं. तो होरेस वेल्स, धंद्याने दंतवैद्य. दुसऱ्याच दिवशी त्याने वायू घेऊन स्वतःचीच एक दाढ काढून घेतली. दुखलं नाही! पुढच्या महिन्यात बॉस्टनच्या डॉक्टरांसमोर प्रात्यक्षिक करताना रोगी ओरडला आणि वेल्सचीही टिंगल झाली. पण आता चक्र फिरू लागलं होतं. १६ ऑक्टोबर १८४६ ला त्याच शहरात ईथर देऊन यशस्वी शस्त्रक्रिया झाली आणि भूलशास्त्राचं युग सुरू झालं. १८६० च्या दशकात नायट्रस ऑक्साइडही दंतवैद्यांकडे परत आला. आजही तो ऑक्सिजनमध्ये मिसळून दवाखान्यांत दिला जातो. तज्ज्ञाच्या हातातच तो औषध, एरवी गंमत म्हणून वापरला तर मज्जातंतूंचा वैरी, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

इतिहासाशी प्रामाणिक राहायचं तर एक गोष्ट सांगायला हवी. नुसत्या नायट्रस ऑक्साइडवर फॅनी बर्नीची शस्त्रक्रिया वेदनारहित झाली असती असं नाही. मोठ्या शस्त्रक्रियेला तो एकटा पुरत नाही. पण ‘शस्त्रक्रियेत वेदना टाळता येतील’ हा विचारच त्या वाक्यात होता. तो कुणी धरून ठेवला असता, तर ईथरपर्यंत पोचायला जगाला कदाचित इतकी वर्षं लागली नसती. १८०० ते १८४४. चव्वेचाळीस वर्षं. या काळात किती माणसं लाकडी टेबलाला बांधली गेली असतील, त्याची गणती कुणाकडे आहे?

मग दोष कुणाचा? डेव्हीच्या थिल्लरपणाचा म्हणावं, तर तो खेळकर नसता तर दगावण्याची भीती घातलेला वायू त्याने हुंगलाच नसता. दाढ दुखताना पिशवी तोंडाला लावली नसती. म्हणजे शोध लागला तोही खेळकरपणामुळेच. चूक बहुधा पुढे झाली. गंमत आहे म्हणजे तिच्यात काही अर्थ नसणार, असं बाकीच्यांनी ठरवून टाकलं. आणि डेव्ही नव्या खेळाकडे निघून गेला.

डेव्हीच्या ऐंशीच्या आसपास वह्या आज उपलब्ध आहेत. अलीकडच्या वर्षांत लँकेस्टर विद्यापीठाच्या पुढाकाराने हजारो हौशी वाचकांनी घरबसल्या त्या वाचून उतरवून काढल्या. त्या वह्यांत रसायनांच्या नोंदींच्या शेजारीच कवितेच्या खाडाखोड केलेल्या ओळी आहेत. कामाची वही वेगळी आणि हौसेची वही वेगळी, असा भेद त्या मुलाने केलाच नव्हता.

पुढच्या वेळी दंतवैद्याच्या खुर्चीत गाल बधिर होईल, तेव्हा ब्रिस्टलच्या त्या मुलाची जरूर आठवण काढा. त्याची अक्कलदाढ विशीत आली. जगाची यायला आणखी चव्वेचाळीस वर्षं जावी लागली.